जात्याच्या घरघरीखालचा आवाज

कुसुमताई माहूरहून नांदेडमार्गे परत आल्या, तेव्हा वरच्या खोलीला नवा रंग लागला होता आणि कॅसेटचं कपाट जागेवर नव्हतं. त्या जागी बाकं मांडली होती. भिंतीवर पांढरा फळा ठोकला होता.

"वरद, कपाट कुठंय रे?"

"गच्चीवर ठेवलंय. जूनची बॅच वाढली ना आई. देगलूर, भोकरकडून पोरं येऊन राहिलीत, बसवायचं कुठं?"

"आणि आतल्या कॅसेटी?"

"रंगाऱ्याला म्हटलं होतं बाजूला ठेव म्हणून. त्यानं रद्दीबरोबर भंगारवाल्याला दिल्या. पण तू कशाला घोर लावून घेतेस? सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे की. मागच्या उन्हाळ्यात मी एकूण एक कॅसेट भरून घेतली."

कुसुमताई जिन्यातच बसल्या. गाणी होती, हे तर खरंच होतं. तरी त्या गच्चीवर जाऊन रिकामं कपाट बघून आल्या.

कुसुमताई लातूरच्या मुलींच्या शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या. ऐन उमेदीच्या वर्षांत त्यांना एक नाद लागला होता. सुट्टी लागली की खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवायचा, एस.टी. धरायची आणि औसा, निलंगा, उमरग्याकडच्या खेड्यांत उतरायचं. तिथं दळणाच्या वेळेला जात्यापाशी बसून बायकांच्या ओव्या टेप करायच्या. पाळणे, डोहाळे, जे मिळेल ते. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसा दिला नव्हता. "प्रार्थना शिकवणाऱ्या बाईला हे नसते उद्योग," असं सासरे म्हणायचे. नवरा मात्र न बोलता बॅटरीचे सेल आणून ठेवायचा.

मग त्र्याण्णव साल आलं. गणपती बोळवून गावं झोपली आणि पहाटे जमीन हलली. तेरणेकाठच्या ज्या गावांत त्यांनी चहा घेतला होता, त्यातल्या काही गावांत चूल पेटवायला माणूस उरलं नाही. ज्या बायका गायल्या होत्या त्यातल्या कितीतरी दगडमातीखाली गेल्या. पुढं बरेच दिवस कुसुमताईंनी ते कपाट उघडलं नाही. उघडलं तेव्हा झाकणं पुसली, बुरशी झटकली आणि पुन्हा लावून टाकलं. ऐकायचं धाडस होत नव्हतं.

वर्षं गेली. लातूर बदललं. गल्लोगल्ली क्लास झाले, घराघरात पोरं ठेवली गेली, खाणावळी निघाल्या. वरद आधी नांदेडला एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायचा. वडील गेल्यावर तो लातूरला आला आणि घरातच स्वतःचा क्लास काढला. मुलगा कष्टाळू, डोक्यानं तल्लख. आपली लेक्चरं तो रेकॉर्ड करून पोरांना मेमरी कार्डावर भरून द्यायचा. त्याच मशीनवर त्यानं आईच्या कॅसेटी चढवल्या होत्या.

तेव्हा पहिली फाइल ऐकून कुसुमताई म्हणाल्या होत्या, "पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आवाज वाटतोय रे."

"स्पीकर बारका आहे आई. एमपी थ्री केलंय. बघ, तुझं सगळं कपाट एका पेनड्राइव्हमध्ये मावलं."

एवढं मोठं कपाट लेकानं बोटभर वस्तूत बसवलं, याचं त्यांना कौतुक वाटलं होतं आणि विषय तिथंच मिटला होता.

तो पुन्हा निघाला सिंधूमुळे.

प्रवेशाचे दिवस होते. अंगणात चपलांचा ढीग पडलेला. तेरणेकाठच्या बोरसांगवीची एक बाई लेकीला घेऊन आली होती. पोरगी श्रद्धा दहावीला तालुक्यात पहिली आलेली. तिला डॉक्टर व्हायचं होतं. वरद तिच्याशी बोलत होता आणि तिची आई ओसरीवर पाणी पीत बसली होती. कुसुमताई तुळशीला पाणी घालून आत यायला निघाल्या, तशी ती बाई तांब्या खाली ठेवून उभीच राहिली.

"बाई, तुमी त्याच न्हवं का? गाणेवाल्या बाई?"

कुसुमताईंनी निरखून पाहिलं. ओळख पटेना.

"मी सिंधू. विठाबाईची सून. तुमी आमच्या घरी आल्ता, माझी सासू जात्यावर गायली व्हती. मी खुट्टा धरून समोर बसल्ते. तुमच्या हातात काळी मशीन व्हती."

विठाबाई! कुसुमताईंना त्या म्हातारीचा खणखणीत गळा एकदम आठवला. "आहेत का गं विठाबाई?"

सिंधूनं मान हलवली. "सासू गेली. धाकला दीर गेला. आन माझी आरती गेली, चार वर्साची. ही श्रद्धा मागनं झाली, पत्र्याच्या शेडात." मग ती जरा पुढं सरकली. आवाज खाली आला. "बाई, ती गाणी हायेत का तुमच्यापाशी?"

"आहेत की. ऐकायचीत तुला?"

"सासूचं ऐकीनच. पन बाई, त्या दिसी आरती मधीच बोलली व्हती. म्या तिला दटावलं, मशीन चालूय म्हनून. तर तुमी म्हनलात, असू द्या, बोलू द्या तिला. तुमाला याद हाय का?"

कुसुमताईंना याद नव्हती. पण त्या तसं म्हणाल्या असणार, यात शंका नव्हती. पोराबाळांना त्या कधीच गप्प करत नसत.

"तिचा फोटू न्हाई माझ्यापाशी," सिंधू म्हणाली. "कापडसुदिक न्हाई. काईच न्हाई निघालं. सोळा-सतरा वरसं झाली, आता मला तिचा आवाज बी याद येईना. लई डोकं लावते, तरी येत न्हाई."

कुसुमताईंनी तिचा हात धरून थेट वरदच्या कॉम्प्युटरसमोर नेलं. वरदनं फाइल शोधली, स्पीकर लावले. जात्याची घरघर सुरू झाली आणि पाठोपाठ विठाबाईचा आवाज.

तेरणा भरून आली, पाय धुऊन गं गेली,
माझ्या नातीची पैंजणं, तिला चाल कुणी दिली?

सिंधूनं पदर तोंडाशी धरला. श्रद्धा आईच्या पाठीशी येऊन उभी राहिली. तिनं आजीचा आवाज पहिल्यांदाच ऐकला होता. गाणं पुढं सरकत होतं. एकाएकी सिंधूनं बोट वर केलं.

"हितं! हितं बोलली ती!"

वरदनं मागं घेऊन पुन्हा लावलं. जात्याची घरघर, विठाबाईचा गळा आणि त्यांच्या मागं पाण्यात बुडबुडे फुटावेत तशी काहीतरी गुळगुळ. शब्द नाही, आवाज नाही. पुन्हा लावलं. आवाज वाढवला. हेडफोन दिला. गुळगुळ तेवढी मोठी झाली.

"हितंच व्हती," सिंधू म्हणाली. ती रडत नव्हती. भिंतीकडं बघत होती. "मशीनीत न्हाई आली म्हना की मग."

"वरद," कुसुमताई म्हणाल्या, "हे असं का वाजतंय?"

वरदचा चेहरा उतरला होता. "आई, एमपी थ्री आवाज लहान करतं ना, ते कसं करतं माहितेय? मोठा आवाज चालू असताना त्याखालचा बारीक आवाज माणसाला ऐकू येत नाही, असं ते धरून चालतं. मग तो बारीक आवाज टाकूनच देतं. आणि मी लेक्चरचंच सेटिंग ठेवलं होतं. सगळ्यात लहान. लेक्चरला तेवढं पुरतं. फळ्यासमोरचा एक माणूस बोलतो, मागं कोण आहे याच्याशी कुणाला..." तो थांबला.

"म्हणजे कॅसेटवर ती असेल?"

"असेल. कॅसेट असं काही निवडत नाही."

कॅसेट कुठं होती, ते कुसुमताईंना आणि वरदला ठाऊक होतं. सिंधूला नव्हतं. तिला ते सांगायचं धाडस कुसुमताईंना झालं नाही. "तू आजचा दिवस थांब," एवढंच त्या म्हणाल्या. "श्रद्धाला घेऊन जेवून घे. आम्ही येतो."

कुसुमताई आणि वरद स्कूटरवर बसून निघाले. रंगाऱ्याला फोन लागेना. तो भेटला गंजगोलाईजवळच्या एका दुकानात, शिडीवर. त्यानं भंगारवाल्या चंद्रप्पाचं नाव सांगितलं. रिंगरोडच्या पलीकडे पत्र्याचं कुंपण, आत प्लास्टिकचे डोंगर. कुंपणाबाहेर एक ट्रक उभा होता आणि हमाल त्यात पोती फेकत होते.

"कॅसेटी?" चंद्रप्पानं कपाळाला आठ्या घातल्या. "आल्या व्हत्या. पन ताई, त्या फोडल्या. आतली पट्टी कामाची नसती, वरचं खोकं तेवढं जातं. माल हैदराबादला चाललाय. ह्याच गाडीत."

"गाडी थांबवा," कुसुमताई म्हणाल्या.

"ताई, डायवर ओरडंल."

"ओरडू दे. मी त्याच्यापुढं उभी राहते." आणि त्या खरोखरच ट्रकच्या तोंडापुढं जाऊन उभ्या राहिल्या. पांढरे केस, हातात पर्स. ड्रायव्हर खाली उतरला, चिडला, मग वरदनं त्याला काय झालं ते सांगितलं. भूकंपाचं नाव निघालं तसा तो गप्प झाला. त्याची आत्या सास्तूरकडची होती. पोती खाली घ्यायला त्यानं स्वतः हात लावला.

फोडलेल्या कॅसेटींची पट्टी कोपऱ्यात टाकली होती. तपकिरी गुंताळा, केसांच्या पुंजक्यासारखा. त्यावर आदल्या दिवशीचा पाऊस पडून गेलेला. कुसुमताई तिथं फतकल मारून बसल्या. कुठली पट्टी कुणाची, हे देवालाही सांगता आलं नसतं. औसा तालुका, निलंग्याच्या लमाण तांड्यावरचे पाळणे, सगळं एका गोळ्यात. त्यांनी तो गोळा उचलून मांडीवर घेतला. आता रडायला वेळ नव्हता.

वरद पोती उपसत होता. एका पोत्यात न फोडलेल्या कॅसेटी निघाल्या. चंद्रप्पाकडं कॅसेटी फोडणाऱ्या बाईनं काम अर्धं टाकून घर गाठलं होतं, म्हणून त्या राहिल्या होत्या. वरद एकेक काढून लेबल वाचत होता. आईचं वळणदार अक्षर पाण्यानं फुटलेलं. हासेगाव. किल्लारी रस्ता. माहेरची गाणी. पोतं संपत आलं.

"आई."

त्याच्या हातात चिरलेली एक कॅसेट होती. लेबलावर फक्त 'विठाबा' एवढं उरलं होतं.

घरी आणल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. कॅसेटच्या आत ओल शिरली होती. पट्टी एकमेकींना चिकटली होती. वरदनं दुसऱ्या कॅसेटचे स्क्रू काढले आणि रिकाम्या खोक्यात ही चकती बसवायची ठरवली. पण आधी वाळवणं भाग होतं. ऊन द्यावं तर पट्टी आखडते. म्हणून पंख्याखाली, फडक्यावर. सिंधू परत गेली नाही. श्रद्धाला खोली बघून दिली आणि ती कुसुमताईंच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत राहिली. कॅसेट भंगारात गेली होती, हे तिला कुसुमताईंनी स्वतःच सांगितलं. ती ऐकून घेऊन नुसती "बरं" म्हणाली. त्या एका शब्दानं कुसुमताईंना चार शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

पट्टी वाळली. शाळेतल्या जुन्या सहकाऱ्याकडून कॅसेटचा चांगला डेक आणला. सकाळची बॅच संपवून वरद बसला, तोच लाइट गेली. भारनियमनाचं वेळापत्रक त्या आठवड्यात बदललं होतं. इन्व्हर्टर होता, पण वरदनं नको म्हटलं. "त्याची घरघर आवाजात उतरते. आणि मधेच बंद पडला तर? ही पट्टी एकदाच वाजेल आई. दुसऱ्यांदा वाजेल याची खात्री नाही."

लाइटची वाट बघत तिघं बसली. तेवढ्यात माय-लेकात जुंपली.

"कशात घेणारेस?" कुसुमताईंनी विचारलं.

"वेव्हमध्ये. जसं वाजेल तसं, काही न टाकता. मग त्याचं फ्लॅक करीन."

"म्हणजे पुन्हा लहान करणार? एकदा केलंस ते पुरे नाही झालं?"

"आई, फ्लॅक तसं नाही."

"तेव्हाही तू असंच म्हणाला होतास. सगळं आहे, सगळं आहे म्हणून!"

वरदला लागलं. तो उठून खिडकीपाशी गेला. तिथूनच बोलला, हळू. "एमपी थ्री म्हणजे घर बदलताना गाडीत मावत नाही म्हणून सामान टाकून देणं. फ्लॅक म्हणजे कपडे नीट घड्या घालून ट्रंकेत भरणं. जागा कमी लागते, पण उघडलं की एक न एक कपडा तसाच निघतो. मी तुला तपासून दाखवतो. वेव्ह आणि फ्लॅक, दोन्ही शेजारी ठेवून. फरक निघाला तर फ्लॅक पुसून टाक."

"मग तेव्हाच का नाही केलंस?"

"कारण मला वाटलं, ही गाणी आहेत. मागं कोण बोलतंय ते कुणाला हवं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

सिंधू इतका वेळ मान खाली घालून बसली होती. ती म्हणाली, "भांडू नका. त्यान्लाच आता काढायचंय ते."

पंखा फिरला. लाइट आली.

वरदनं आवाजाची पातळी दुसऱ्याच एका टेपवर लावून घेतली, मग विठाबाईची कॅसेट आत सरकवली आणि बटण दाबलं. पडद्यावर रेघ हलू लागली. जातं सुरू झालं. जातं, आणि आता त्याच्या मागं बरंच काही. कुठं तरी कोंबडी, दारातून जाणाऱ्या शेळीच्या गळ्यातली घंटा, बांगड्यांचा खुळखुळाट. कुसुमताई स्पीकरकडं सरकल्या. त्या घरात त्या बसून होत्या, आणि हे सगळं कधी विसरल्या?

पट्टी किंचाळली. चाक मंदावलं. विठाबाईचा आवाज जड, पुरुषासारखा झाला. "बंद कर!" कुसुमताई ओरडल्या.

"नाही. बंद केली तर तिथंच चिकटेल." वरदनं डेकचं झाकण उघडंच ठेवलं होतं. पेन्सिलीनं त्यानं चकतीला अगदी अलगद हात दिला. कपाळावरचा घाम डोळ्यात उतरत होता, पुसायला हात मोकळा नव्हता. कुसुमताईंनी पदरानं पुसला. आवाज वर आला, सरळ झाला. ओवी संपली. विठाबाईनं तीच पुन्हा धरली.

तेरणा भरून आली, पाय धुऊन गं गेली...

आणि त्याच्या खालून, लांबून, पण स्वच्छ, "आजे, मला बी फिरवू दे की. आजे!"

पाठोपाठ तरण्या सिंधूचं दटावणं. मग कुसुमताईंचा स्वतःचा, चाळिशीतला आवाज, "असू द्या, बोलू द्या तिला." आणि पुन्हा ते पोर, आता माइकजवळ आलेलं, कुतूहलानं, "ह्यात कोन हाय?"

विठाबाई गाता गाता हसली. जातं थांबलं नाही.

पुढच्या ओवीत पट्टी तुटली. टोक फडफडत राहिलं. वरदनं आधी फाइल जतन केली, दुसऱ्या डिस्कवर उतरवली, आणि मगच डेककडं वळला.

सिंधू उठून कॉम्प्युटरजवळ आली. पडद्यावरच्या रेघेला तिनं बोट लावलं. "घोगरा व्हता," ती म्हणाली. "तिचा गळा घोगरा व्हता. म्या बारीक आवाज आठवत बसल्ते, म्हनून याद येईना." आणि मग ती जमिनीवर बसून रडली. कुसुमताई तिच्या शेजारी बसल्या. वरद बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही.

सिंधूला ते मोबाइलवर हवं होतं. तिच्या फोनमध्ये फ्लॅक चालेना. वरदनं तिच्यासाठी पुन्हा एमपी थ्रीच केलं, पण या वेळी सगळ्यात मोठं, आणि आरतीचा प्रत्येक शब्द हेडफोन लावून तपासला. मूळ फाइल त्यानं वेगळी ठेवली. वेव्ह आणि फ्लॅक शेजारी ठेवून त्यानं आईला कबूल केल्याप्रमाणे दाखवलं. फरक शून्य आला. कुसुमताईंनी तरी दोन्ही पुन्हा पुन्हा ऐकल्या आणि मगच मान डोलावली.

पोत्यातून वाचलेल्या कॅसेटी एकेक करून फ्लॅकमध्ये चढल्या. दुपारी दोन बॅचच्या मधे वरची खोली आता त्या कामाला मिळे. गुंताळ्यातली पट्टी मात्र गेली ती गेलीच. त्या गावांचं जे काही उरलं ते वरदच्या जुन्या, दाबलेल्या फाइलींत. कुसुमताई एकदा म्हणाल्या, "पुसून टाक ते. नको ते बुडबुडे." वरद म्हणाला, "आई, हे परत फुलवता येत नाही. फ्लॅक केलं तरी गेलेलं येत नाही. पण आहे तेवढं तरी राहू दे." त्यांनी ऐकलं.

दिवाळीनंतर सिंधूनं त्यांना गावी नेलं. नव्या बोरसांगवीत, सिमेंटच्या एकसारख्या घरांत, देवळापुढच्या ओट्यावर बायका जमल्या. विठाबाईचं गाणं झालं. मग शेजारच्या गावाची सरजाबाई म्हणाली, माझी आई पन तुमाला गायली व्हती. कुसुमताई कचरल्या. ती कॅसेट गुंताळ्यातच गेलेली. जवळ होती ती दाबलेली फाइल.

"आवाज बरा नाही हो," त्या म्हणाल्या. "आमच्या हातून बिघडला."

"लावा तर."

लावलं. तो पत्र्याचा, पाण्याखालचा आवाज ओट्यावर पसरला. सरजाबाई कान देऊन बसली. गाणं संपलं तेव्हा म्हणाली, "दबलाय आवाज. पन आईच हाय. ती ओवीच्या शेवटाला असाच सूर वडायची."

कुसुमताईंनी पिशवीतून वरदनं घेऊन दिलेला छोटा रेकॉर्डर काढला, कागदाच्या घडीचा टेकू देऊन ओट्यावर उभा केला आणि विचारलं, "तुम्हाला येते का ती ओवी?"

"येती की. लई दिस झाले म्हनली न्हाई."

"म्हणा मग."

सरजाबाईनं घसा खाकरला. लहान मुलं ओट्यावर चढून रेकॉर्डरभोवती गोळा झाली होती. एकानं काहीतरी विचारलं, दुसऱ्यानं त्याला चापट मारली. बायका त्यांना हाकलायला निघाल्या. कुसुमताईंनी हातानंच त्यांना थांबवलं आणि बटण दाबलं.